एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

आमच्या वडवणीत कुणाकडे नवी मोटार आली की मालक तिला बरेच दिवस अंगणात नेत नाही. बीड–परळी रस्त्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी उभी करतो. बोनेटवरचा हार वाळून जातो, लिंबू-मिरची काळी पडते, तरी गाडी तिथंच. अशा भाग्यवंताचा हिरमोड करायची माझी इच्छा नाही. पण रस्त्याच्या हिशेबात त्याची ती बारा-चौदा लाखांची गाडी म्हणजे एक. नुसती एक. आणि तिच्यापुढे, कितीही हॉर्न दिला तरी ढिम्म न सरकणारी, उसाने लादलेली बैलगाडी म्हणजे आठ.

हा हिशेब चहाच्या हॉटेलात झालेला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 सालच्या, 64 क्रमांकाच्या पुस्तिकेत तो छापलेला आहे. ही काँग्रेस निवडणूक लढवत नाही. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने देशातल्या रस्त्यांची दैना बघून 1928 मध्ये अहवाल दिला, त्यातून 1934 साली ही संस्था उभी राहिली. रस्ता किती रुंद, खडीचा थर किती जाड, पाटी कुठे, याचे दंडक तीच घालून देते. पाटीवर वाढदिवसाचा फ्लेक्स कुणाचा, एवढंच काय ते गावपातळीवर ठरतं.

रस्त्यावरून तासाला किती वाहनं निघू शकतात, हे संशोधकांना काढायचं असतं. वाहनं सगळी एका मापाची असती तर प्रश्न नव्हता. पण एका रस्त्यावर एसटी, मोटारसायकल, हातगाडी आणि बैल एकत्र आले की बेरीज कशी करायची? म्हणून मोटार हे माप धरलं. त्याला म्हणतात पॅसेंजर कार युनिट, पीसीयू. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी या पुस्तिकेने दर ठरवून दिले आहेत: मोटारसायकल अर्धी, रिक्षा एक, नुसता ट्रॅक्टर दीड, ट्रक किंवा एसटी तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. हळू चालणाऱ्यांत सायकल अर्धी, हातगाडी तीन, टांगा चार आणि बैलगाडी आठ. बैलगाडी लहान असेल तर सहा, अशी तळटीपही आहे. म्हणजे कुणीतरी खरोखर रस्त्यावर उभं राहून लहान-मोठी बघितलेली दिसते. केळ्यांची हातगाडी ढकलणारा आणि पन्नास माणसं घेऊन परळीला निघालेली लालपरी यांचा मान या दरबारात सारखाच, तीन-तीन.

आमच्या तालुक्याला माणसं अशी मापात धरायची सवय जुनी आहे. दिवाळी सरली की इथली घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. उचल त्या हिशेबाने. आता हाच अर्धा कोयता मोटारसायकलवर बसला तर अर्धा अधिक अर्धा एक व्हायला हवा. पण रस्त्याच्या वहीत माणूस धरतच नाहीत. मोटारसायकलवर एक बसो, नाहीतर बायको, दोन लेकरं, पुढे टाकीवर पिठाची गोणी, ती अर्धीच. आणि बैलगाडीला आठचा भाव मिळतो तोसुद्धा ती किती टन ऊस वाहते यावरून मिळत नाही, मागच्यांना किती अडवते यावरून मिळतो. एका वहीत किंमत कामाची, दुसऱ्या वहीत अडचणीची. दुसरीत दर चांगला आहे. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना हे पुस्तिका न वाचताच उमगलं असावं, त्याशिवाय रास्ता रोको एवढा लोकप्रिय झाला नसता.

दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेत संचालक राहिलेले सतीश चंद्र यांनी तर पीसीयू काढण्यासाठी सूत्रच मांडलं. मोटारीचा वेग भागिले त्या वाहनाचा वेग, आणि त्याला भागायचं मोटारीने आणि त्या वाहनाने व्यापलेल्या जागांच्या गुणोत्तराने. सोप्या मराठीत: जो जितका हळू आणि जितका ऐसपैस, तो तितका मोठा. हे सूत्र वाहतुकीचं म्हणून शिकवतात. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

मोजल्याशिवाय सूत्रात काय घालणार? म्हणून मोजणी. गावाबाहेरच्या रस्त्यांची वाहतूक-गणना कशी करावी याचाही दंडक आहे, 1972 चा. वर्षातून निदान दोनदा, दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. एक गणना सुगीच्या आणि माल बाजारात जाण्याच्या धामधुमीत, दुसरी मंदीच्या दिवसांत. तासागणिक कागदावर रेघा ओढायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, म्हणजे पाचाची जुडी बांधली जाते.

हॉटेलासमोरच्या लिंबाखाली अशीच दोन पोरं खुर्च्या टाकून बसली होती. एकाकडे बीडकडे जाणाऱ्यांचा तक्ता, दुसऱ्याकडे परळीच्या दिशेला, तेलगावकडे जाणाऱ्यांचा. वडवणीत कुणी वही-पेन घेऊन उघड्यावर बसलं की ती यादी आहे, आणि यादीत आपलं नाव हवं, हे लोक गृहीत धरतात. पीकविम्याची असेल, अतिवृष्टीची असेल, निदान गॅसची तरी असेल. पहिले तात्या आले.

“काय लिहायलास रं?”

“गाड्या मोजायलोय, तात्या.”

“कायच्या?”

“रस्त्यावरच्या. सगळ्याच.”

“कायला?”

“शासनाला पाहिजेत.”

तात्यांनी जरा विचार केला. “शासनाकडं नाहीत का?” मग आवाज उतरवून म्हणाले, “माझी बैलगाडी लिही एक. घरी हाय, पण लिही. पुढं अनुदान निघालं तर राहून जायला नको.”

पोराने समजावलं की समोरून गेलेलीच गाडी लिहिता येते. तात्या गेले आणि तासाभराने बैलगाडी जुंपून समोरून गेले. थोड्या वेळाने परत आले. आठ तेलगावकडे, आठ बीडकडे; एका म्हाताऱ्याने दिवसाढवळ्या वडवणीच्या रस्त्यावर सोळा मोटारींची भर घातली आणि शासनाच्या दफ्तरी ती कायमची राहिली.

त्या पोरांची खरी पंचाईत रकान्यांची होती. मोटारसायकलला मागे लोखंडी गाडा जोडून भांडी विकणारा कुठे लिहायचा? वाढ्यांचा एवढा मोठा भारा येतो की त्याखाली लूना आहे, बैल आहे की बाई आहे, हे तो पुढून निघून गेल्यावर कळतं. तोवर मागे ट्रॅक्टर आलेला असतो. ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. पुस्तिकेने साडेचार दिले ते एका ट्रॉलीला. आमचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो. पुढची चाकं चढाला जमिनीला टेकतात-न टेकतात, स्पीकरवर गाणं मोठ्यानं, मागे दिवा म्हणून एक पांढरं पोतं बांधलेलं, आणि शेवटच्या ट्रॉलीला चार पोरं लोंबकळून ऊस उपसत असतात. डबल ट्रॉलीचे नऊ धरायचे का, यावर हॉटेलात दोन तट पडले. एक तट म्हणाला, इंजिन एकच आहे, नऊ कशाचे? दुसरा म्हणाला, मागं अडकून बघ एकदा, नऊसुद्धा कमीच पडतील. शास्त्रीय दृष्टीने दुसऱ्या तटाचं बरोबर आहे.

सुगी आणि मंदी हा दंडकही वडवणीला उलटा बसतो. उसाचा हंगाम सुरू झाला, तेलगावच्या कारखान्याचं धुराडं पेटलं, की कागदावर आमची धामधूम. पण त्याच वेळी अर्धा तालुका सांगली-कोल्हापुरात, नाहीतर कर्नाटकात. आमच्या बैलगाड्या तिकडच्या कुठल्यातरी फाट्यावर, तिकडच्या पोरांच्या वहीत आठ-आठने लिहिल्या जातात, आणि तिकडचे लोक शिव्या घालतात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कागदावर मंदी. इकडे माणसं परतलेली, हातात चार पैसे, नव्या मोटारसायकली, लग्नं. आमचा भरगच्च रस्ता सरकारच्या मंदीत मोजला जातो.

ही सगळी विद्या सुरू झाली ती अमेरिकेत. 1930 च्या दशकात ओहायोमध्ये ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या इंजिनिअरने रस्त्याकडेला सिनेमाचा कॅमेरा लावला आणि चित्रांवरून गाड्यांचा वेग आणि दाटी काढली. दाटी वाढते तसा वेग घटतो, अगदी सरळ रेषेत, असं त्याने मांडलं. हे ऐकून तात्या म्हणतील, एवढ्यासाठी कॅमेरा? पण यातली मेख पुढेच आहे. रिकाम्या रस्त्यावरून गाड्या जोरात जातात, पण जाणाऱ्याच थोड्या. गच्च रस्त्यावर गाड्या भरपूर, पण जात कुणीच नाही. सगळ्यात जास्त वाहतूक निघते ती अधेमधे, गाड्या बेताच्या आणि वेगही बेताचा असताना. ही मधली अवस्था वडवणीत पहाटे पाचला असते, आणि तेव्हा ती बघायला कुणी उठलेलं नसतं. शिवाय आमच्याकडे कॅमेरा लावला तर कॅमेरा कशाला लावला हे बघायला माणसं थांबतात, म्हणजे वेग शून्य, दाटी पूर्ण. वरून ड्रोनने टिपावं तर मध्यंतरी मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसला की चोर आले म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती. संशोधकाने जपूनच यावं.

मग 1955 मध्ये इंग्लंडात लाइटहिल आणि व्हिटम हे दोन गणिती आले. त्यांच्या लेखाचे दोन भाग. पहिला लांब नद्यांमधून पूर कसा सरकतो यावर, दुसरा लांब गर्दीच्या रस्त्यांवर. गणित तेच. मला हे फार आवडलं. आमची कुंडलिका वर्षातले बहुतेक महिने पात्रातून वाळू दाखवते, पूर दाखवत नाही. पण रस्ता बारमाही आहे. बसस्थानकाजवळच्या गतिरोधकावर ट्रॅक्टर दबकतो, मागची जीप ब्रेक दाबते, तिच्या मागची एसटी कचकन थांबते, आणि हे थांबणं गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत जातं. गाड्या तेलगावकडे, खोळंबा बीडकडे. गावाबाहेर थांबलेला शेवटचा माणूस ज्याच्या नावाने बोटं मोडत असतो तो ट्रॅक्टर तेव्हा पार पुढे निघून गेलेला असतो. शिव्याही त्या लाटेबरोबर उलट्याच जातात, पुढच्याला ऐकूच येत नाहीत. म्हणूनच तो सुधारत नाही.

गतिरोधक नसला तरी खोळंबा होतो, हे जपानी संशोधकांनी 2008 साली दाखवून दिलं. सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 230 मीटर घेराच्या गोल मार्गावर 22 गाड्या सोडल्या. ताशी 30 किलोमीटरने, एकमेकांमागे, शांतपणे फिरा, एवढंच सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना म्हैस. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित हळू झाला, मागचा जरा जास्त हळू झाला, आणि बघता बघता चक्क कोंडी झाली आणि ताशी 20 किलोमीटरच्या सुमाराने मागे फिरू लागली. हा प्रयोग वडवणीत करायला माझी हरकत नाही, पण दुसऱ्या चकरेला कुणीतरी ओळखीचा हात करणार, “कुठं चाल्लाव?” चालक म्हणणार, “कुठं न्हाई, इथंच फिरायलोय.” “मग घ्या की मला,” म्हणून तो चढणार. तिसऱ्या चकरेला मधोमध भज्यांचा गाडा लागणार. पाचवीला उद्घाटन.

जर्मनीच्या नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी 1992 मध्ये रस्त्याचे साडेसात-साडेसात मीटरची घरं पाडून संगणकावर सोंगट्यांसारख्या गाड्या चालवल्या. त्यात एक नियम असा, की अधूनमधून एखादी गाडी काहीही कारण नसताना हळू होईल. एवढं ‘विनाकारण’ घातलं की खऱ्यासारखी कोंडी तयार होते, काढून टाकलं की होत नाही. जर्मनांना हे विनाकारण वाटतं याचं कारण त्यांना सोयरे कमी. इथे ब्रेक लागला की त्यामागे मेहुणा असतो, साडू असतो, नाहीतर बी-बियाणांची उधारी ज्याची थकली तो दुकानदार समोर आलेला असतो आणि गाडी वळवायची असते.

पण सगळ्यात मोठा माणूस या प्रांतात आला तो रॉबर्ट हर्मन. 1948 मध्ये याने राल्फ आल्फर यांच्याबरोबर विश्वाच्या जन्माच्या वेळची उष्णता आज किती उरली असेल याचं गणित केलं होतं, आणि पुढे ते खरं ठरलं. विश्वाचं काम आटोपून हे गृहस्थ जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत गेले आणि एका मोटारीमागून दुसरी मोटार कशी जाते यावर बसले. 1971 मध्ये वाहतुकीवर त्यांचं पुस्तक आलं, ते इल्या प्रिगोजीन यांच्यासोबत. प्रिगोजीन यांना 1977 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यावरून आमच्या चौकाची काठिण्यपातळी ध्यानात यावी.

हर्मन आणि मंडळींनी पुढच्या आणि मागच्या मोटारीत एक तार बांधली, फिरकीवर गुंडाळलेली. अंतर किती वाढलं, किती घटलं, मागच्याने किती वेळाने ब्रेक दाबला, ते सगळं तिच्यावरून टिपलं. आमच्याकडे दोन गाड्यांच्या मध्ये दोर दिसला की टोचन. पुढची गाडी चालू, मागची बंद, मधे सुंभ, आणि मागच्या गाडीत सुकाणू धरून बसलेला माणूस देवाचं नाव घेत असतो. अभ्यास त्याचाही होतो. ब्रेक किती वेळाने लागला हे पुढच्या बंपरवर कोरलं जातं. दोन गाड्यांत अंतर किती असावं याचा एक जुना अमेरिकी ठोकताळा आहे: ताशी दर दहा मैलांना एका मोटारीची लांबी. वडवणीत एका मोटारीची लांबी मोकळी सोडली की तिच्यात दोन मोटारसायकली आणि एक शेळी येऊन बसते. मग त्यांच्यापासून अंतर ठेवायचं, तर त्यातही कुणीतरी येतं. हा नियम काटेकोर पाळणारा चालक हळूहळू मागे मागे बीडला पोचेल.

विलायती प्रतिकृतींमध्ये गाडी एका लेनमध्ये असते आणि तिच्या पुढे एकच गाडी असते. इकडे पुढे किती आहेत हे मोजावं लागतं, आणि शेजारचा पुढचा की मागचा यावर वाद होऊ शकतो. म्हणून आपल्याकडच्या संशोधकांनी वेगळी वाट काढली, आणि इथे मात्र त्यांना मनापासून मानलं पाहिजे. आयआयटी मुंबईत टॉम मॅथ्यू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लेन सोडून रस्त्याच्या अरुंद पट्ट्या कल्पिल्या. मोटारसायकल थोड्या पट्ट्या अडवते, ट्रक पुष्कळ, आणि प्रत्येकाला बाजूला सरकायची मुभा. मद्रास आयआयटीत तमिळ अरसन यांनी सरमिसळ वाहतुकीसाठी संगणकावर आख्खी प्रतिसृष्टी उभी केली. 2017 मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशभरातल्या संस्थांना बरोबर घेऊन भारताच्या रस्त्यांचा स्वतःचा क्षमता-ग्रंथ काढला. कुणीतरी एकदाचं मान्य केलं की हा गोंधळ नाही, ही आमची चालण्याची रीत आहे आणि तिलाही गणित आहे. फक्त पट्ट्या पाडताना एक विचार व्हावा. काढणीच्या दिवसांत वडवणीभोवतीच्या रस्त्यांवर डाव्या हाताच्या सगळ्या पट्ट्यांवर सोयाबीन वाळत असतं, भोवती दगड लावून, आणि दगडांच्या आत एक म्हातारी छत्री घेऊन बसलेली असते. तिचे पीसीयू किती, हे तिला विचारायची ज्याची छाती असेल त्याने विचारावं.

एक पद्धत मात्र अशी की ती कुणालाही करता येते. वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी 1954 मध्ये सांगितलेली. रस्त्याकडेला बसायचंच नाही. आपणच वाहनात बसून जायचं आणि यायचं. एकीकडे जाताना समोरून किती आल्या ते मोजायचं. परत फिरताना आपल्याला किती जणांनी मागे टाकलं ते मिळवायचं, आपण किती जणांना टाकलं ते वजा करायचं, आणि जाण्यायेण्याच्या एकूण वेळेने भागायचं. वाहतूक निघते. हे एसटीच्या खिडकीत बसून करावं म्हटलं, तर शेजारच्या मावशींनी विचारलंच.

“काय लिहायलाव, दादा?”

“आपल्याला किती गाड्या मागं टाकून गेल्या ते.”

“मग ह्या वहीत कसं भागंल?”

वजाबाकीच्या रकान्यात घाट उतरताना एक रोडरोलर मिळाला. तोही उभा होता.

गणनेच्या त्या 1972 च्या दंडकात आणखी एक कलम आहे. जत्रा, प्रदर्शन अशी नेहमीपेक्षा वेगळी परिस्थिती असेल तर गणना करू नये; सगळं पूर्ववत होईपर्यंत काही दिवस पुढे ढकलावी. लिंबाखालच्या पोरांनी हे वाचलं असतं तर ती अजून बसलेली असती, कारण सप्ताह संपतो तोवर यात्रा, यात्रा संपते तोवर मोर्चा. त्यांनी ते वाचलेलं नव्हतं, आणि लग्नसराईतल्या एका संध्याकाळी नेमकी वरात आली. पुढे पिकअपवर डीजे, त्यापुढे नाचणारी पोरं, मागे नवरदेव, आणि त्याच्या मागे पार गावाबाहेरपर्यंत बीड–परळी रस्ता. मोजणीसाठी रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली होती. डीजे रेघेवर आला आणि गाणं रंगलं. पोराने साहेबांना फोन लावला.

“सर, डीजे कुठल्या रकान्यात?”

“पिकअपवर आहे ना? मग पिकअप. रेघ ओलांडली की एक लिही.”

“ओलांडली, सर. लिहिला.”

“मग?”

“परत मागं आली.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग साहेब म्हणाले, “दुसऱ्याकडं बीड साइडचा तक्ता आहे ना? त्याला लिहायला सांग.”

गाणं लांबलचक होतं आणि पोरं ठेक्यावर चार पावलं पुढे, तीन मागे अशी नाचत होती. दोघंही इमानदारीत रेघा ओढत होते. पाचाच्या जुड्या पडत होत्या, तेलगाव, बीड, तेलगाव, बीड. हॉटेलवाल्याने त्यांना चहा नेऊन दिला, तेव्हा एकाने मान वर न करताच विचारलं, हे दुसरं गाणं आहे का तेच?